आधी काठ, मग जमलं तर नदी

तुमच्या शहरातून एखादी नदी जात असेल आणि तिचं अजून पुनरुज्जीवन झालेलं नसेल, तर धीर सोडू नका. होईल. सगळ्यांची पाळी येते. फक्त ऐन वेळी धांदल नको, म्हणून चार गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. आम्ही पुणेकर. आमच्याकडे मुळा आहे, मुठा आहे, दोघींचा संगम आहे, शिवाय राम नदी, देव नदी, आंबिल ओढा, नागझरी असा मोठा गोतावळा आहे. त्यामुळे नदीचं काय करावं हे सांगण्याचा अधिकार आम्हाला आहेच. तो कोणी दिला, हे विचारण्याची पद्धत आमच्याकडे नाही.

सुरुवात पाहणीपासून करा, आणि पाहणी भर पावसाळ्यात ठेवा. तेव्हा खडकवासल्यातून पाणी सोडलेलं असतं, भिडे पूल पाण्याखाली गेलेला असतो, झेड ब्रिजवर लोक मोबाईल उंच धरून उभे असतात आणि मुठा खरोखर नदी दिसते. फोटो तेव्हाच काढून ठेवा, अहवालाच्या मुखपृष्ठाला उपयोगी पडतात. एप्रिलमध्ये गेलात तर नको त्या शंका येतील. धरणातून पाणी सुटत नाही, पाऊस नाही, मग पुलाखालून हे वाहतंय काय?

याचं उत्तर फार घरगुती आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचं पाणी जलवाहिन्यांनी शहरात जातं आणि कालव्याने शेतीकडे. पावसाळा सोडला तर खडकवासल्याच्या भिंतीखाली मुठेच्या वाट्याला जवळजवळ काही येत नाही. म्हणजे डेक्कनजवळ जे काळसर, संथ, फेसाळ वाहताना दिसतं, ते तुम्ही, मी आणि वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान दिलेलं योगदान असतं. नदी मेली म्हणून गळे काढणाऱ्यांना हे कोणी तरी समजावून सांगायला हवं. आठ महिने तिला वाहती ठेवतं कोण?

पाहणीनंतर अभ्यासदौरा. नदीचा विषय निघाला की सोलला जावंच लागतं. तिथे चॉन्ग्येचॉन नावाचा ओढा आहे. नाव उच्चारता आलं नाही तरी भत्ता कापत नाहीत. १९५८ मध्ये तो झाकायला सुरुवात झाली, पुढे त्यावर उन्नत रस्ता आला, आणि वरून-खालून मिळून रोज दीड लाखाहून जास्त गाड्या तिथून जाऊ लागल्या. २००३ मध्ये महापौर ली म्युंग-बाक यांनी तो रस्ताच पाडायला घेतला. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे ५.८ किलोमीटरचा ओढा लोकांसाठी खुला झाला, आणि महापौर पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

या हकिगतीतला शेवटचा भाग आपल्याकडच्या कोणत्याही शिष्टमंडळाला दुभाष्याशिवाय कळतो. रस्ता पाडल्याचा भाग मात्र ज्या दिवशी सांगितला जातो, त्या दिवशी नेमकी खरेदी असते. म्हणून तर त्यांनी ओढ्यावरचा रस्ता काढला आणि आम्ही विठ्ठलवाडीजवळ मुठेच्या पात्रात रस्ता घातला. प्रकरण थेट हरित लवादापर्यंत गेलं. मग मेट्रो आली, तिचेही खांब संभाजी बागेच्या मागे पात्रातूनच चालत गेले. नदी हा शहरातला एकमेव भूखंड आहे ज्याला मालक नाही, भाडेकरू नाही आणि भूसंपादनाचा खर्च नाही. तो सोडून रस्त्यासाठी दुसरीकडे जागा शोधणारा अभियंता मी तरी पाहिलेला नाही.

सोलकडून शिकण्यासारखंही आहे, नाही असं नाही. त्या ओढ्याला स्वतःचं पुरेसं पाणी उरलेलं नव्हतं, म्हणून ते हान नदीतून रोज सुमारे १ लाख २० हजार टन पाणी पंपाने वर आणून सोडतात. हे टिपून घ्या. अहमदाबादला साबरमतीच्या काठावर उभं राहून जे पाणी बघून आपण हरखतो, तेही कालव्यातून आलेलं नर्मदेचं असतं. थोडक्यात, नदी चांगली दिसण्यासाठी पाणी त्याच नदीचं हवं अशी काही अट नाही. सोलमध्ये काठावरच्या फेरीवाल्यांना उठवलं, हेही टिपून घ्या. ते आपल्याला जमतं, त्यासाठी दौऱ्याचीसुद्धा गरज नव्हती. ओढ्याची रचना दोनशे वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा विचार करून केली आहे, हे वाक्य कानावर पडलंच तर खिडकीबाहेर बघा.

सिंगापूरलाही जायला हरकत नाही, फक्त तिथे फार प्रश्न विचारू नका. १९७७ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी सांगितलं, दहा वर्षांत सिंगापूर नदी स्वच्छ झाली पाहिजे. १९८७ मध्ये झाली. यात अडचण अशी की त्या मंडळींनी काम भलत्याच क्रमाने केलं. आधी डुकरांचे आणि बदकांचे गोठे हलवले, काठावरच्या वस्त्यांतल्या हजारो कुटुंबांना मैलावाहिनीला जोडलेली सरकारी घरं दिली, फेरीवाल्यांना नळ आणि गटार असलेले ओटे दिले, मालवाहू पडाव दुसरीकडे नेले, मग तळाचा चिखल उपसला, आणि हे सगळं झाल्यावर काठ नटवला. या क्रमाने गेलं तर पहिली सात-आठ वर्षं फीत कापायला काही मिळत नाही. सात-आठ वर्षांत आमच्याकडे किती आयुक्त बदलतात ते मोजा आणि मग सिंगापूरचं कौतुक करा.

आपला क्रम साधा ठेवा. आधी काठ.

पैशाचं गणित यावर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबतो. पुण्यात मुळा-मुठेचं प्रदूषण कमी करण्याची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली. जपानच्या 'जायका' संस्थेचं कर्ज, केंद्राचा मोठा वाटा, खर्च सुमारे ९९० कोटी, एकूण ११ नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, त्यांची क्षमता दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर. जानेवारी २०२२ पर्यंत काम पूर्ण व्हायचं होतं. निविदा आल्या, जादा दराच्या निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. पूर्णत्वाची तारीख उलटून गेल्यावर, ६ मार्च २०२२ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. तोवर खर्च १,४७० कोटींच्या वर गेला होता. मैलापाणी मात्र या सहा वर्षांत निविदेसाठी थांबलं नाही.

त्याच दिवशी त्याच हातांनी नदीकाठ विकसनाचंही भूमिपूजन झालं. ४४ किलोमीटरचा काठ, पूर्ण आराखड्याचा खर्च ४,७२७ कोटी. आराखडा करणारे तेच, ज्यांनी अहमदाबादचा काठ केला. आता तुम्ही म्हणाल, पाण्याला दीड हजार कोटी आणि काठाला त्याच्या तिप्पट, हे कसं? तुम्ही कधी मैलावाहिनीचं उद्घाटन पाहिलंय का? ती जमिनीखाली दहा-पंधरा फुटांवर असते. तिच्यावर कारंजं बसत नाही, तिथे सेल्फी पॉइंट होत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला कोणाच्या तीर्थरूपांचं नाव देता येत नाही. घाटाला देता येतं. सायकल मार्गाला देता येतं. एवढ्या एका कारणासाठी मी काठाला दहापट खर्च झाला तरी हरकत घेणार नाही.

शुद्धीकरण केंद्रांबद्दल कोणी फारच खोलात शिरलं तर क्षमतेचा आकडा सांगा. क्षमता हा फार सुंदर आकडा असतो. केंद्रात किती पाणी मावतं ते तो सांगतो, किती पोचतं ते सांगत नाही. वाहिनी मधेच कुठे तरी ओढ्याला मिळालेली असते, एखादा चेंबर तुंबून वरून वाहत असतो. त्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेच्या हद्दीत आली. मतदारयादीत आली, मिळकतकरात आली, मैलावाहिनीत यायची आहेत. तोवर त्यांचं सांडपाणी जवळचा ओढा धरून नदीकडे निघतं. आमच्या ओढ्यांना रस्ता विचारावा लागत नाही, शेकडो वर्षांचा सराव आहे.

आता नदीच्या मूळ दोषाकडे वळू. ती रुंद असते. वर्षातले दहा महिने तिला वीस-पंचवीस फुटांची धार पुरते, आणि बाकीचं पात्र नुसतं पडून असतं. भर शहरात एवढी मोकळी जागा पाहून कोणाही कर्तबगार माणसाच्या पोटात कालवतं. मग तिथे आधी लग्नाचे लॉन येतात, मग वाहनतळ, मग राडारोड्याचे ढीग, मग त्या ढिगांवर पत्र्याच्या शेड. हे सगळं हळूहळू होऊ द्या. एका रात्रीत भराव टाकला की वर्तमानपत्रात येतो. रोज दोन डंपर टाकले की तो भूगोल होतो.

पाटबंधारे खात्याने आखलेल्या पूररेषा मधे येतात. घाबरू नका. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. पंचवीस वर्षं म्हणजे पाच निवडणुका. इतक्या पुढचा विचार करणाऱ्याला आपल्याकडे तिकीट मिळत नाही. शिवाय रेषा नकाशावर असते, प्लॉटवर नसते. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या रेषेत ३६ बंगले उभे राहिले, तेव्हा ती रेषा कोणालाच आडवी आली नाही. मे २०२५ मध्ये महापालिकेने ते बंगले पाडले, कारण प्रकरण लवादातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं. तात्पर्य एवढंच की तुमच्या बंगल्यावर कोणी लवादात जाणार नाही याची काळजी घ्या. शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवा, चाळीत आंब्याची पेटी पाठवत जा.

झोपडीचं वेगळं. आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला, माणसं गेली, गाड्या एकावर एक चढल्या, सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या. ओढा का फुगला याची कारणं बरीच निघाली: वरची अतिक्रमणं, अरुंद केलेलं पात्र, कल्व्हर्टमध्ये अडकलेला कचरा. जून २०२१ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, दांडेकर पुलाजवळच्या ओढ्याकाठच्या वस्तीत बुलडोझर पोचला. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. ओढ्यात पत्रा असेल तर ते अतिक्रमण, ओढ्यात काँक्रीट असेल तर ती संरक्षक भिंत.

पूर आलाच तर काय करायचं, याचाही सराव आम्हाला आहे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. खडकवासल्यातून तेव्हा पस्तीस हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं होतं. मुठेची निळी रेषा साठ हजारांची आहे. म्हणजे जो पूर कागदावर अजून आलेलाच नव्हता, त्यातून लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अशा वेळी पाटबंधारे खात्याने म्हणावं की आम्ही कळवलं होतं, आणि महापालिकेने म्हणावं की वेळेत कळलं नाही. दोघांनी हे एकाच दिवशी म्हणावं, म्हणजे बातमी दोन दिवसांत संपते. कोणी जुना माणूस १२ जुलै १९६१ काढेल, पानशेत काढेल, अमुक वाड्यात पाणी कुठपर्यंत आलं होतं ती खूण दाखवायला तुम्हाला घरी बोलावेल. जाऊन चहा घ्या. पण तेव्हा धरण फुटलं होतं, सबब तो पूर हिशेबात धरत नाहीत असं त्याला नम्रपणे सांगा.

मुंबईकरांना आमचं हे सगळं फार किरकोळ वाटतं, आणि ते बरोबर आहे. त्यांच्या मिठीवरून विमानं उतरतात. खरोखरच: धावपट्टीच नदीवर आहे. तिच्या खाडीकाठची दलदल भरून त्यांनी वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अनेक मुंबईकरांना आपल्याकडे एक नदी आहे ही बातमी तिने स्वतः घरी येऊन दिली. मग मिठीसाठी प्राधिकरण स्थापन झालं. जेमतेम अठरा किलोमीटरची नदी, त्यातले जवळपास बारा महापालिकेकडे आणि सहा एमएमआरडीए या मुंबई महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाकडे. पाणी एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाताना पत्रव्यवहार करत नाही, एवढाच काय तो त्या व्यवस्थेतला दोष.

पण मुंबईकडून शिकायची खरी गोष्ट म्हणजे गाळ. सगळ्या नदी सुधारणेत गाळासारखं काम नाही. रस्ता केला तर लोक खड्डे मोजतात, पूल केला तर लांबी मोजता येते. गाळ किती होता हे काढण्याआधी दिसत नाही, किती काढला हे काढल्यावर दिसत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात नदी स्वखर्चाने नवा आणून देते. त्यातही लोभ आवरावा लागतो. मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळ उपशात ६५ कोटींच्या गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदवला. प्रकरण न्यायालयात सुटेल तेव्हा सुटेल. दरम्यान तुम्ही वजनकाट्याच्या पावत्या नीट लावून ठेवा.

पुण्यात गाळाची जागा जलपर्णीने घेतली आहे. मैलापाण्यातलं नत्र आणि फॉस्फरस हे तिचं खत, साचलेलं पाणी हे तिचं शेत. महापालिका दर वर्षी ती काढते. काढताना अर्धी पुढे वाहून जाते, ती पुढच्या पुलाला अडकते, तिथून ती पुन्हा काढता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीच्या बाजूला नदीवर डासांची वावटळच उठली. काळा खांब आभाळात फिरत होता, देशभर चित्रफिती गेल्या. पर्यटनासाठी अशी जाहिरात पैसे देऊनही होत नाही. काठ विकसनाच्या आराखड्यात बंधारे घालून पाणी अडवायचं आहे, म्हणजे बोटी फिरवता येतील. वाहत्या पाण्यात जलपर्णी जेवढी फोफावते, त्याहून अडलेल्या पाण्यात चांगली फोफावते, हे वनस्पतिशास्त्र झालं. आपण स्थापत्याबद्दल बोलतोय.

आता तुम्ही पदाधिकारी नाही, ठेकेदार नाही, नुसतेच नागरिक असाल तर तुमच्या वाट्याला काय येतं? बरंच. हरकती आणि सूचना मागवल्या जातात, त्या पाठवा. सुनावणीला तीन मिनिटं मिळतात, त्यातलं एक माईक सुरू होण्यात जातं. २९ एप्रिल २०२३ रोजी हजारो पुणेकरांनी नदीकाठची झाडं वाचवण्यासाठी चिपको आंदोलन केलं. जुनी झाडं गेली तर नवी लावण्याचं आश्वासन अशा वेळी मिळतंच. दोनशे वर्षांच्या वडाच्या बदल्यात कमरेएवढी रोपं किती लावायची हे ठरवणारं कोष्टकही असतं, त्यामुळे भावनेला वाव राहत नाही.

घरच्या घरीही तुम्ही नदीसाठी खूप काही करू शकता. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा, पुलावर गाडी मधोमध थांबवा, जाळीवरून नेम धरून टाका आणि नमस्कार करा. शेजारी निर्माल्य कलश ठेवलेला असतो, पण त्यात टाकलेलं देवाला पोचतं की नाही याची खात्री कोणी दिलेली नाही. सोसायटीचं स्वतःचं शुद्धीकरण केंद्र असेल तर ते बिलापुरतं चालवा. वीज महाग झाली आहे, मोटर जळते, वास येतो, आणि रात्री अकरानंतर झडप उघडली तर कोणाला कळत नाही. रविवारी मात्र सगळे मिळून नदीकाठ स्वच्छ करायला जा. एकसारखे टी-शर्ट घाला. बाटल्या उचला. सोमवारी सकाळी सहा ते नऊ पुन्हा योगदान आहेच.

आणि शक्य असेल तर 'रिव्हर व्ह्यू' फ्लॅट घ्या. जाहिरातीतली नदी निळी असते, ती तशीच मिळेल असं करारात कुठे लिहिलेलं नसतं, तेव्हा भांडू नका. सहाव्या मजल्याच्या वरचा घ्या. तिथे पूर येत नाही, डास कमी, आणि बाल्कनीला काच लावून घेतली की दृश्य राहतं.

शेवटी कोणी तरी विचारेलच: हे सगळं पाणी पुढे जातं कुठे? पुण्यात हा प्रश्न सहसा विचारत नाहीत, पण तयारी असावी. मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमा उजनी धरणात जाते. उजनीतून खाली भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्काम करून, पायी चालत तिथे पोचतात. आपलं सांडपाणी मुक्काम न करता वर्षभर तिकडेच जात असतं, त्याचं कोणी स्वागत करत नाही, कमानी उभारत नाही. उजनीचं पाणी सोलापूरलाही जातं, तिथल्या नळाला येतं. त्यामुळे पुण्यात पाहुण्याला कोणी पाणीसुद्धा विचारत नाही, ही जुनी तक्रार निदान सोलापूरकरांनी तरी करू नये.